निरोगी माणसं हवीत

रक्ताच्या नळ्या फ्रीजमध्ये ठेवता येतात. किस्से कुठे ठेवायचे, हा आमच्या लॅबचा जुना प्रश्न! साठी ओलांडलेल्या निरोगी लोकांमध्ये ताणाचं हार्मोन, म्हणजे कॉर्टिसॉल, किती आणि अँटिऑक्सिडंट्सची ताकद किती, हे मोजायचा आमच्या डॉक्टर मॅडमचा प्रोजेक्ट. सुया टोचायला मी. तळवड्यात ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये दर आठवड्याला सकाळी कॅम्प लावायला लागलो आणि लगेच कळलं, निरोगी माणूस शोधणं हेच मोठं काम!

पहिलेच काका छाती पुढे काढून बसले.

"काही आजार?"

"काय बी न्हाई!"

"गोळ्या?"

"बीपीची, शुगरची, थायरॉइडची."

"अहो, मग आजार नाही कसं म्हणता?"

"गोळ्या घेतो म्हनून न्हाई!"

* * *

कॉर्टिसॉल थुंकीतूनही मोजतात. एका रिटायर्ड फिटरच्या हातात नळी दिली, तर ते नुसतेच बसून.

"काय झालं काका?"

"ताई, अख्खी नोकरी 'येथे थुंकू नये'च्या बोर्डाखाली काढली. आता तुम्ही एवढा आग्रह करताय, तर येईना!"

* * *

मॅडमनी अँटिऑक्सिडंट सोपं करून सांगितलं. "लोखंडासारखा शरीरालाही आतून गंज चढतो. तो गंज अँटिऑक्सिडंट्स रोखतात."

चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला जन्म काढलेले भाऊ मागून म्हणाले, "मॅडम, आता प्रायमर मारून काय उपयोग? पत्राच बदला!"

* * *

माणूस तापलेला असला की कॉर्टिसॉलचा आकडा चुकतो. म्हणून रक्त देण्याआधी शांत बसायचं, हा मॅडमचा नियम. मी दोन आजोबांना शेजारी बसवलं. मला काय माहीत, दोघं एकाच कंपनीतले, एक युनियनचे नेते आणि दुसरे मॅनेजर!

"संप तुमच्यामुळे चिघळला!" मॅनेजर म्हणाले.

"तुम्ही चर्चेला आलात तरी का?"

मॅडम धावत आल्या. "अहो, आता तुमचं रक्त घेऊन मी काय करू?"

"माझं घ्या की," नेते ओरडले, "मी शांतच आहे. वाढलंय ते यांचं!"

* * *

आणि सोनाआक्का. चाकणकडच्या गावातल्या, आता लेकाच्या फ्लॅटवर राहणाऱ्या. लेक-सून दोघंही शिफ्टला. आक्कांचं सॅम्पल पहिल्या आठवड्यातच झालं होतं. तरी कॅम्प असला की हजर, पदर सावरून, बाही वर करून.

"आक्का, तुमचं रक्त झालंय. परत नाही घेता येत."

"न्हाई घेत?"

"नाही."

त्या उठल्या नाहीत. हात तसाच टेबलावर. "मग नुसती शीर शोध की."

मागे रांग नव्हती. मी त्यांचा हात हातात घेतला, कोपराजवळ बोटं फिरवली. शीर चांगली ठसठशीत, लगेच हाताला लागली.

थोड्या वेळानं आक्कांनी विचारलं, "घावली का गं?"

"अजून नाही."

"बरं," आक्का म्हणाल्या. "घाई न्हाई."