जोतीरामची खरखरीत फियाट

आमच्या शिवाजी पेठेत गाडीवर जोतीराम पेंटरइतका जीव टाकणारा माणूस झाला नाही, आणि गाडीचं त्याच्याइतकं वाटोळं करणाराही झाला नाही. उद्यमनगरातल्या एका गॅरेजात तो ट्रक-टेम्पो रंगवायचा. हात असा, की दुसऱ्याच्या गाडीवर बसलेली माशी घसरावी. त्याची स्वतःची जुनी फियाट मात्र गल्लीत उभी, आणि तिच्यावर रोज नवा ओरखडा. आज फुटबॉल आदळला, उद्या हातगाडी घासली. दर रविवारी हा ओरखड्यांत लांबी भरणार, घासणार, रंग मारणार, आणि सोमवारी पुन्हा तेच. दिव्याखाली अंधार, असं आम्ही त्याला तोंडावर म्हणायचो.

त्याची बायको संयोगिता कागलची. गाडीला मोरपंखी रंग द्यायचा आणि तिच्यातून ऐटीत माहेरी जायचं, एवढं एकच मागणं तिनं केलं होतं. जोतीराम व्हय म्हणाला होता.

दोन हजार चारच्या सुमारास गॅरेजात एक नवंच प्रकरण आलं. टेम्पोच्या हौद्यात मारायचं काळं रबरी कोटिंग. गननं फवारलं की बघता बघता घट्ट व्हायचं, आणि वरून हात फिरवला तर डांबरी रस्त्यासारखं खरखरीत लागायचं. त्यावर दगड ओतले, पहारी आपटल्या, पण ओरखडा म्हणून उठेना. जोतीराम येडाच झाला. हौद्याला चालतं ते मोटारीला का चालू नये? रविवारी काचा आणि दिवे कागदानं झाकून त्यानं अख्खी फियाट फवारून काढली. छत, बॉनेट, दारं, सगळं काळं आणि दाणेदार.

गल्लीत गाडी आली तशी त्यानं तालमीतल्या ज्ञानूच्या हातात किल्ली दिली आणि दारावर जोर लावून ओढायला सांगितली. ज्ञानूनं दंड फुगवून ओढली. किल्ली झिजली, गाडीला काही नाही. मग काय, सगळ्या गल्लीनंच हात धुऊन घेतले. कुणी चमचा घासला, कुणी खिळा, आणि जोतीराम मधे उभा राहून टाळ्या वाजवतोय. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, हे मी सांगतो, मी वऱ्हाडात होतो.

एवढ्यात संयोगिता बाहेर आली. तिनं गाडीवरून तळहात फिरवला आणि झटकन मागं घेतला.

"ही गाडी न्हाय, तवा हाय," ती म्हणाली. "हिच्यात मी बसणार न्हाय."

झालं. पुढच्याच महिन्यात माहेरी जत्रा होती. संयोगिता एसटीनं निघाली, आणि जोतीराम रिकामी फियाट घेऊन एसटीच्या मागं. दर थांब्याला हा उतरून गाडीचं दार उघडून उभा राहायचा, ही खिडकीतून पलीकडं बघायची. शेवटी कंडक्टरला शंका आली. बाई, तो काळ्या गाडीवाला तुम्हाला त्रास देतोय का, त्यानं विचारलं. ते आमचं मालक हाईत, असं तिनं सांगितल्यावर अख्खी एसटी मागं वळून बघायला लागली.

जोतीराम खचला. कोटिंग खरवडून काढावं म्हणून बसला तर पटाशीच मोडली.

त्यात म्हशींना ही गाडी सापडली. शेजारच्या धोंडुबाईची चंद्री रोज पहाटे दूध कट्ट्यावर, म्हणजे गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात तिथं, जाताना आमच्या गल्लीतून जायची. एके दिवशी तिनं फियाटला पाठ लावून पाहिली, आणि तिला स्वर्गच मिळाला. डोळे मिटून, मान वर करून ती अर्धा तास अंग घासत राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी म्हशी आल्या. जोतीराम काठी घेऊन धावायचा, पण चंद्री हलायची ती फक्त संयोगितानं भाकरीचा तुकडा दाखवून 'ये गं बाय' म्हटल्यावर. तेवढ्यापुरती संयोगिता गालात हसायची. जोतीराम ते चोरून बघायचा, आणि ते हसू रोज दिसावं म्हणून त्यानं काठी टाकून दिली.

दिवाळी पाडवा आला. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. मालकानं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पळवायची आणि म्हशीनं मागं धावायचं, त्यात मालकाची इज्जत. धोंडुबाईच्या पोरानं, बाळासोनं, फटफटी फाडफाड वाजवली. चंद्री शिंगं रंगवून, पायात घुंगरं बांधून तयार, पण फियाटला टेकली ती हलेना. लोक फिदीफिदी हसायला लागले. मग कुणीतरी फियाटच पळवा म्हणालं. जोतीरामनं गाडी काढली, तर चंद्री दोन पावलं चालून थांबली आणि संयोगिताकडं बघायला लागली.

धोंडुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं संयोगिताचे दोन्ही हात धरले आणि गाडीत बसायची गळ घातली. संयोगितानं एकदा म्हशीकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं, पदर खोचला आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

पुढचं काय सांगू! खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ती 'ये गं बाय' ओरडतेय, मागं चंद्री चौखूर उधळलीय, तिच्यामागं अख्ख्या पेठेच्या म्हशी, आणि सगळ्यांत मागं बाळासोची फटफटी. हसून हसून माझी बरगडी दुखायला लागली. त्या दिवशी चंद्रीनं सगळ्यांना धूळ चारली.

मिरवणूक संपते त्या मैदानात गाडी थांबली. जोतीराम उतरला, पण दार उघडायचा त्याला धीर होईना. संयोगितानं काच खाली ठेवली होती.

"काळ्या रंगाचा राग न्हवता," ती म्हणाली. "तुमी मला इचारलं न्हाईसा."

जोतीरामनं मान खाली घातली. दारावर हात टेकला. मग हळूच म्हणाला, "आता इचारतो. उतरायचं, का म्होरं जायाचं?"

संयोगिता मागच्या दारातून उतरली. तिनं साडी सारखी केली, पुढचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली.