फिलूमावशीची बोटं आणि माझं मशीन

माझ्या मशीनने फिलूमावशीला सांगितलं होतं, तुला काही झालेलं नाही.

त्यानंतर दीड वर्षाने ती गेली. आज तिला जाऊन पाच वर्षं झाली.

ही पोस्ट टाकायची की नाही, हे सकाळपासून ठरत नाहीये. तीनदा लिहिली, तीनदा डिलीट केली. आता होईल तशी टाकते.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी.
फिलूमावशी जवळच्या होळी गावची. वाडीतली केळी आणि भाजी घेऊन दर मंगळवारी माणिकपूरला आमच्या बिल्डिंगमध्ये यायची. लाल लुगडं, डोक्यावर टोपली, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा आवाज. आम्ही कोकणातून आलेले फ्लॅटवाले, ती इथलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती वाडीवाली. माझ्या आईला कुणी दरडावू शकत असेल तर फक्त ती.

उन्हाळ्यात ती सुकेळी करायची. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि रोज एकेक केळं बोटांनी दाबून बघायची. वरून मऊ, पण आत कुठे कडक गाठ राहिली असेल तर ते केळं बाजूला.

"डोळ्यांना काय कळतंय, बाय? सगळी सारखीच दिसतात. बोटांना विचारायचं."

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला माझा प्रोजेक्ट होता रोबोटिक बोट. मऊ मांसातली गाठ दाबून शोधणारं. टोकाला रबर, आत प्रेशर सेन्सर, भंगारातल्या प्रिंटरच्या मोटरी. कडक काही लागलं की लाल दिवा पेटायचा.

मांस म्हणून ट्रेमध्ये चायना ग्रासची जेली. आरपार दिसू नये म्हणून त्यात कोको. आणि गाठी म्हणून आईच्या तुटलेल्या माळेचे दहा मणी.

सर म्हणाले, माणसाच्या बोटाशी कम्पॅरिझन करून आण.
मला एकाच बाईची बोटं आठवली.

मंगळवारी दुपारी तिला हॉलमध्ये बसवलं. आधी मशीन. त्याने पाऊण तास घेतला आणि सात मणी शोधले.

मग मावशीने हात धुतले, लुगड्याला पुसले, आणि आईशी कारल्याच्या भावावरून वाद घालता घालता दहाच्या दहा काढून दाखवले.

"रोझरीचा एक दहाका पुरा झाला," जपमाळेचे दहा मणी ओढल्यासारखी बोटं हलवत ती म्हणाली. "तुझ्या यंत्राने तीन मणी खाल्ले. उपाशी हाय का बिचारं?"

आई हसून हसून बेजार. ती हसतच खाली दुकानात गेली. मी मात्र फुगले होते. वर्षभराची मेहनत, आणि केळीवाली जिंकली! हो, तेव्हा मनात हाच शब्द आला होता. लाज वाटते, पण आला होता.

मी चहा टाकायला आत गेले.

बाहेरून तिचा आवाज आला. "बाय, हा दिवा नाय लागला म्हंजे गाठ नाय, हां ना?"

मी ओट्यापासूनच ओरडले, "हो गं! दिवा नाही म्हणजे गाठ नाही. मशीन खोटं बोलत नाही."

सात मणी शोधणारं, तीन सोडणारं मशीन. आणि माझा तोरा बघा.

चहा घेऊन आले तेव्हा ती पदर सारखा करत होती. मशीनचं बोट स्टँडवर जरा वाकडं बसलं होतं. मी ते सरळ केलं. इतकंच.

प्रोजेक्टला डिस्टिंक्शन मिळालं. मी तिला पेढे दिले. तिने ते आवडीने खाल्ले.

पुढच्या पावसाळ्यानंतर ती यायची बंद झाली. ऑपरेशन झाल्याचं कळलं तेव्हा मी होळीला तिच्या घरी गेले. छातीतली गाठ, फार उशीर झालेला. ती ओसरीत बसली होती, अर्धी झालेली. माझा हात ओढून घेतला आणि माझी तीन बोटं जुळवून स्वतःच्या दंडावर ठेवली.

"टोकाने नाय टोचायचं. असं, बोटं सपाट ठेवून. हळू फिरवायचं. महिन्याला एकदा स्वतःला बघत जा. तुझी बोटं चांगली हायत."

मशीनबद्दल एक शब्द नाही.

ते मला तिच्या मातीच्या दिवशी सुनेकडून कळलं. "आम्ही कवाचं म्हणत होतो, डॉक्टरकडे चल. तर म्हणायची, शिकलेल्या पोरीचं यंत्र लावून बघितलंय मी. दिवा नाय लागला."

ते मशीन जेलीसाठी सेट केलेलं होतं. माणसाच्या अंगावर त्याचा दिवा लागला काय आणि न लागला काय, सारखंच.

पण मला कळत नाही ते वेगळंच आहे.

दहाच मिनिटांपूर्वी तिने त्याला हरवलं होतं. तीन मणी सुटले, हे मोजलं तिनेच. आणि स्वतःच्या बोटांना काही लागलं असणार, म्हणून तर विचारलं ना?

मग विश्वास ठेवला तो कशावर? मशीनवर? माझ्यावर? की तिला फक्त 'नाही' ऐकायचं होतं, आणि ते म्हणायला नेमकी मी सापडले?

आणि ओसरीत माझी बोटं धरली तेव्हा तिने मला माफ केलं होतं, की माफ करण्यासारखं काही आहे हेच तिच्या गावी नव्हतं?

नवरा म्हणतो, सोड आता. मी सोडते, आणि दर मंगळवारी परत धरते.

आज सकाळी अंघोळीच्या वेळी तिने शिकवलं तसं बघितलं. तीन बोटं, सपाट, हळू.

डाव्या बाजूला काहीतरी लागल्यासारखं वाटलं. मग वाटलं, नाही. मग परत वाटलं, आहे.

मावशी, आज तू असतीस तर तुझा हात धरून विचारलं असतं, गाठ आहे का गं?

नाहीस. म्हणून मघाशी डॉक्टरांना फोन केला. उद्या अकराची वेळ मिळाली आहे.

आज संध्याकाळी चर्चमध्ये तुझ्या मिस्साला येते. मेणबत्ती लावते.

शांत झोप, फिलूमावशी. तुझी बोटं बरोबर होती.