हात दिला की थांबणारी गाडी

एसटीच्या पाट्यांवर 'हात दाखवा, बस थांबवा' असं लिहिलेलं असतं, आणि हात दाखवून दाखवून खांदा निखळला तरी बस थांबत नाही, हे मूर्तिजापूर-दर्यापूर रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या रस्त्यावर थांबायची ती अन्सार शेखची काळीपिवळी जीप. गाडी भरलेली असो, टपावर माणसं असोत, हात दिसला की अन्सारचा पाय ब्रेकवर गेलाच. म्हणून स्टँडवर त्याचं नाव पडलं होतं 'हातदाखव्या'. त्याला त्याचा राग नव्हता. उलट कुणी नुसतं अन्सार म्हटलं तर तो मागे वळून दुसरा कोण आहे ते पाही.

एकदा माणिकबाई नावाची म्हातारी शेळी घेऊन चढली. त्या शेळीनं एका वरबापाच्या मांडीवरच्या लग्नपत्रिका चघळून टाकल्या. वरबाप आकाशपाताळ एक करायला लागला, तेव्हा अन्सार आरशातून म्हणाला, "शेळीले पयलं आवतन गेलं म्हना, भाऊ. शुभ असते." सगळी गाडी हसली, वरबापही हसला आणि शेळी दर्यापूरपर्यंत बसून गेली. पेशंटकडून मात्र त्यानं कधी भाडं घेतलं नाही. एवढा कनवाळूपणा कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "हात वर करून उभा असलेला मानूस मांगं टाकला की आरशात दिसत रायते. मले नाई पाहवत."

त्याचा जिवाभावाचा माणूस म्हणजे पुंजाराम. दोघं एकाच शाळेत एकाच मास्तराचा मार खाल्लेले. पुंजारामचं शेत पूर्णेच्या पुलाच्या अलीकडं, रस्त्याला लागून. जीप घेतली तेव्हा तिच्यात पहिला बसला तो पुंजाराम, आणि त्याच पावसाळ्यात ती काळ्या मातीत फसली तेव्हा चिखलात लोळून तिला ढकलणाराही तोच. हरभरा आला की ओल्या डहाळ्यांची पेंढी जीपमध्ये यायची. पुंजारामची बायको सुभद्रा अन्सारला 'भाऊ' म्हणायची आणि भावाला बोलावं तशी बोलायचीही, म्हणजे जेवल्याशिवाय सोडायची नाही आणि वाळला म्हणून रागवायची.

नोटाबंदीच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. पावसानं पाठ फिरवली होती. सोयाबीन घरात येईल तितकं खरं, आणि जे काही शेंगांत भरलं होतं तेही रानडुकरं राहू देईनात. जागलीला गडी मिळेना, म्हणून नवरा-बायकोच रात्र रात्र मचाणावर बसायची. स्टँडवरही शुकशुकाट. एरवी दोन मैलांसाठी गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांना चालणं तब्येतीला चांगलं असतं, असा साक्षात्कार झाला होता.

शेतात काही पिकत नसलं की मोबाइलमध्ये भलतंच पीक येतं. त्या वर्षी आलं ते 'मन्नत ड्राइव्ह'. काळ्याकुट्ट पडद्यावर गाडीच्या दिव्यांत पळणारा रस्ता आणि घोगऱ्या आवाजात हिंदी निवेदन. मूळचा रस्ता राजस्थानातला की अमेरिकेतला, ते देव जाणे. आमच्याकडं येईपर्यंत तो दर्यापूर रोड झाला होता आणि पूल पूर्णेचा. मध्यरात्रीनंतर एकट्यानं निघायचं. फोन घरी ठेवायचा, काचा वर करायच्या. पुलाच्या मधोमध मनातली इच्छा एकदाच बोलायची आणि गाडी वळवून त्याच वाटेनं परत यायचं. येताना रस्त्यात कुणीतरी हात देईल. ते तुमच्या ओळखीच्या माणसाचं रूप घेऊन येईल. थांबला नाहीत तर मागितलेलं मिळेल, थांबलात तर मागितल्याच्या नेमकं उलट होईल.

अमरावतीला कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी ते अन्सारला जीपमध्येच दाखवलं. अन्सार म्हणाला, "मंग माह्यं तं काई खरं नाई बाप्पा. मी तं पयल्याच हातावर थांबीन." पोरं खिदळली. त्यानंही ते तिथंच सोडलं.

मग गजाला आली. गजाला अन्सारची एकुलती एक मुलगी, अकोल्याला दिलेली. माहेरपणाला येणारी पोर पिशवी घेऊन येते. मोठी बॅग घेऊन आली की बापाला विचारावं लागत नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. डॉक्टर झाले, दर्ग्यावर चादर झाली, अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात अजून औषधं चालू होती. सासरी मुलाच्या दुसऱ्या निकाहची भाषा सुरू झाली होती. नवरा वाईट नव्हता, पण आईपुढं मान वर करणाराही नव्हता. गजाला रडली नाही, हे अन्सारला जास्त लागलं. ती भाजी निवडत खाली मान घालून म्हणाली, "ईद तक देखेंगे, ऐसा बोले अब्बा." बस एवढंच. अन्सारची बायको रहिमाबी आतल्या खोलीत नमाजाला बसली होती, ती बराच वेळ उठलीच नाही.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. अन्सारनं जी काडी धरली ती मोबाइलमधली होती. त्याला स्वतःलाही हसू येत होतं आणि हसता हसताच त्यानं डिझेल भरलं. दर्यापूरला पेशंट आणायला जातो, असं रहिमाबीला खोटं सांगितलं. मागायचं ते अल्लाहकडं सोडून एका व्हिडिओच्या सांगण्यावरून पुलाकडं मागायला चाललो, हे तिला कळतं तर तिनं त्याला घरात घेतलं नसतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

पुलावर वारा होता, पूर्णेत पाणी नावालाच. "मेरी गजाला की गोद भर दे," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. पुढं जाऊन त्यानं गाडी वळवली. आता मात्र हसू येत नव्हतं. काचा वर, आत इंजिनाची घरघर, आणि आपण एवढे का घाबरलो हे कळेना.

पुंजारामच्या शेताजवळ रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा होता. दोन्ही हात वर, एका हातात बॅटरी. जीपच्या दिव्यांचा झोत तोंडावर पडला आणि अन्सारनं चेहरा ओळखला. पुंजारामच. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. अन्सारचा पाय सवयीनं ब्रेकवर गेलासुद्धा. गाडी मंदावली. आणि त्याच क्षणाला त्याच्या डोळ्यांपुढं ती मोठी बॅग आली. ओळखीच्या माणसाचं रूप. थांबला तर उलट होईल. त्यानं स्टिअरिंग वळवलं, कडेच्या मातीतून गाडी काढली आणि पळवली. आरशात बॅटरीचा उजेड हलताना दिसला, मग तोही दिसेनासा झाला.

भुताला बॅटरी कशाला लागते? एवढा साधा प्रश्न त्याला घरी पोचल्यावर पडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो प्रश्न त्याला टोचत राहिला. उठून परत जावं असं एकदा नाही, अनेकदा मनात आलं. पण गेलो तर थांबल्यासारखंच होईल, ही भीती त्याला धरून बसली. माणूस लेकरापायी किती खुळा आणि किती कठोर होतो, ते त्या रात्री त्याला कळलं. कळून उपयोग झाला नाही.

सकाळी स्टँडवर बातमी त्याच्याआधी पोचली होती. नत्थुजी दुधाचा टेम्पो चालवायचे, ते चहा पिता पिता सांगत होते. जागलीवर सुभद्रेला घोणस चावली. पुंजारामच्या फोनची बॅटरी संपलेली, गावात दोन दिवस लाईट नव्हती. तिला बांधावर निजवून तो रस्त्यावर येऊन उभा राहिला आणि पहाटे नत्थुजींचा टेम्पो येईपर्यंत उभाच होता. तिथून तिला अकोल्याच्या दवाखान्यात हलवली होती.

"एक जीप गेल्ती म्हने मधात," नत्थुजी म्हणाले. "काळीपिवळी. थांबलीच नाई."

"कोनाची?" कुणीतरी विचारलं.

"म्याबी तेच इचारलं. अन्सारची होती का म्हनलं. तं पुंजाराम माह्यावरच भडकला. म्हने, अन्सारची असती तं थांबली असती."

सगळ्यांनी अन्सारकडं पाहून मान हलवली. बरोबरच होतं त्यांचं. हातातला चहा तसाच ठेवून अन्सार अकोल्याला दवाखान्यात गेला.

सुभद्रा वाचली. पाय वाचला नाही. विष चढत गेलं, मांस सडत गेलं, आणि शेवटी गुडघ्याखाली कापावा लागला. जरा आधी आणली असती तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी ते सहज म्हटलं, त्यांना काय माहीत दारात कोण उभा आहे.

त्यानंतर अन्सारनं काय करायचं बाकी ठेवलं? मलमपट्टीला अकोला, तपासायला अकोला, नकली पायाचं माप द्यायला अमरावती. प्रत्येक वेळी जीप दाराशी. सुभद्रेला उचलून बसवायचा, उचलून उतरवायचा. पुंजारामनं डिझेलचे पैसे पुढं केले की हात झटकून टाकायचा. आणि जेवढं करावं तेवढं लोक त्याला जास्त वाखाणत. शाळेत पंधरा ऑगस्टला त्याला नारळ आणि शाल मिळाली. हातदाखव्याचे आता 'अन्सारभाऊ' झाले. प्रायश्चित्त करावं तर त्याचंच कौतुक व्हावं, यापेक्षा वाईट शिक्षा कुठल्या कोर्टाला सुचली नसती. शाल त्यानं ट्रंकेच्या तळाशी टाकली, ती परत काढली नाही.

आणि गजालाला दिवस गेले.

अकोल्याच्या दवाखान्यातल्या औषधांनी गुण दिला, असं जावई म्हणाला. रहिमाबी म्हणाली, अल्लाहनं ऐकलं. दोघांपैकी कुणीतरी खरं असावं म्हणून अन्सार तळमळून देवाला विनवायचा. कारण तिसरं कारण त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि ते खरं असेल तर नातवाची किंमत दुसऱ्याच बाईनं चुकवली होती. मुलगा झाला. हसनैन नाव ठेवलं. पोर गोरंगोमटं, सारखं मूठ चोखणारं. अन्सारनं ते घेतलं, कानात अजान दिली आणि लगेच रहिमाबीकडं परत दिलं. पुरुषांना बाळ घ्यायची भीती वाटते, असं म्हणून बायका हसल्या.

सव्वा महिन्यानं सुभद्रा आली. कुबडी टेकत, पुंजारामच्या आधारानं. सोबत एक दुपटं आणलं होतं, जुन्या लुगड्यांचं, बारीक टाक्यांचं. घरात बसून बसून काय करावं, म्हणून शिवलं म्हणाली. खाटेवर बसून तिनं हसनैनला मांडीवर घेतलं. एक पाय नीट, दुसऱ्या गुडघ्याखाली गजालानं उशी सरकवली.

"पोरी, याले तुह्या बापासारखा कर," सुभद्रा म्हणाली. "त्या राती अन्सारभाऊ राह्यला असता रस्त्यावर, तं माहा पाय आज असता. मी याईले रोज म्हनते." तिनं पुंजारामकडं पाहिलं.

अन्सार उठून अंगणात गेला. जीपचं बॉनेट उघडून उभा राहिला. त्यात काही बिघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पुंजारामच्या शेतात गेला. हे आता सांगून टाकायचंच, असं ठरवून. मारलं तर मार खाऊ, थुंकला तर थुंकू देऊ. तुरीच्या ओळीत पुंजाराम निंदत होता. लांब धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कडुनिंबाखाली सुभद्रा भाकरी सोडत बसली होती. अन्सार त्याच्या शेजारी मातीत बसला.

"पुंजा, त्या रातची जीप..."

"राहू दे."

"नाई, मले बोलू दे. मी..."

पुंजारामनं विळा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"तुह्या गाडीचा आवाज मी झोपीतबी वळखतो, लेका," पुंजाराम म्हणाला. "तुह्यं तोंडबी पाह्यलं मी काचातून. काहून थांबला नाई, थे मी लय दिवस इचारत रायलो मनात. आता नाई इचारत. तूबी नको सांगू."

"सांगू दे रे. मले सहन होऊन नाई रायलं."

"माईत हाये मले. सांगशीन तं तू मोकळा होशीन." पुंजारामनं धुऱ्याकडं पाहिलं. "मंग थे घेऊन मी घरी कसा जाऊ? तिच्या पुढ्यात कसा बसू? ती म्हनते, सारी दुनिया गेली न थांबता, पन अन्सारभाऊ असता तं थांबला असता. एक पाय गेला तिचा. आता तिचा भाऊबी कायले नेतं तू?"

पुंजारामनं विळा उचलला आणि पुढच्या ओळीला लागला.

धुऱ्यावरून सुभद्रेनं हाक मारली. "अन्सारभाऊ, या जी, जेवाले. ठेचा हाये तुमच्या आवडीचा."

त्याला नाही म्हणता आलं नाही. कडुनिंबाखाली तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिनं भाकरी मोडून त्याच्या हातात दिली, वर तेल सोडून ठेचा वाढला, आणि वाळलात म्हणून रागावली. घास घशाखाली उतरला नाही असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. भाकरी अजून कोमट होती. त्यानं दोन खाल्ल्या, तिसरी तिनं न विचारता वाढली, तीही खाल्ली.