ब्लीचच्या पंपाचा शाफ्ट

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी हिंगणघाटजवळच्या एका कापड कारखान्यात देखभाल इंजिनिअर म्हणून लागले. तिथल्या ब्लीचच्या पंपांतल्या एकाचा शाफ्ट, म्हणजे पंप फिरवणारा दांडा, सारखा तुटायचा. तुटला की काम ठप्प, मालकांचा पारा वर आणि दोष पोलादाच्या माथी.

मला पोलादाचा संशय नव्हता. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. फिरणारा शाफ्टही दर फेऱ्याला किंचित वाकतो. त्यात ब्लीचचं पाणी धातूला खात असेल, तर तो कोरड्या शाफ्टइतका कसा टिकेल?

मोजूनच पाहायचं ठरवलं. आमच्या वयस्क फिटरकाकांनी भंगारातली एक मोटर चालू करून दिली. तिच्यावर त्याच पोलादाची बारीक सळई बसवून टोकाला वजन टांगलं. कोरडी सळई आठवडेच्या आठवडे फिरत राहिली. मग सलाईनच्या नळीनं तशाच सळयांवर ब्लीचचं पाणी थेंब थेंब सोडलं, आणि त्या एकामागून एक तुटायला लागल्या. वजन बदलत, फेरे मोजत मी आलेख काढला. उत्तर आलं: चालू शाफ्ट महिन्याभरावर आलेल्या पोळ्यापर्यंत टिकणार नाही.

"आत्ताच बदलू या," मी मालकांना म्हटलं.

"चांगला चालतोय तो! ज्योतिष सांगता काय, मॅडम?"

"ज्योतिष नाही, हिशोब आहे. चुकला तर पुन्हा शब्द काढणार नाही."

सुट्टीच्या दिवशी शाफ्ट काढायची परवानगी मिळाली. बाहेर आला तो लखलखीत.

"मॅडम, याले त काईच नाई झालं," काका हळूच म्हणाले. "काऊन काढून राह्यलो आपण?"

"त्याच्यावर चढवलेली ही नळी, स्लीव्ह, काढा, काका. पाणी तिच्याखाली मुरतं."

स्लीव्ह ठोकून काढली. आतला भाग स्वच्छ करून भेगेत शिरणारा लाल रंग लावला, थोड्या वेळानं पुसला, वर भेगेतला रंग बाहेर ओढणारी पांढरी पावडर फवारली. मालक बाजूला उभे होते, बाकी सगळे वाकून बघत होते. पांढरंच.

आणि मग केसासारखी एक लाल रेघ उमटली. बघता बघता ठळक झाली, अर्ध्या घेराला वेढून बसली.

"अरे बापा!" काका ओरडले. "मालक, इकडं या! मॅडमनं आंधीच सांगतलं होतं!"

मालकांनी चष्मा पुसून रेघ पाहिली. मग मला विचारलं, "बाकीच्या पंपांचं कधी सांगता?"

नवा शाफ्ट बसवायला मी पाना उचलला, पण काकांनी तो काढून घेतला. "द्या इकडं. तुम्ही आज चहा घ्या."

त्यानंतर ब्लीचच्या सगळ्या पंपांचे शाफ्ट माझ्या आलेखाप्रमाणे, तुटायच्या आधीच बदलले जाऊ लागले. मी तिथं असेपर्यंत एकही शाफ्ट चालू कामात तुटला नाही.