आयांच्या फायलीत नसलेली मुलं

आर्डिस क्वाम मला कधीच आवडली नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं. आवडणारी माणसं कामात फार वेळ खातात."

अमेरिकेत, मिनेसोटातल्या डुलुथमधल्या आमच्या संशोधन केंद्रात ती एकतीस वर्षं होती. देशोदेशी घरोघर फिरून केलेल्या पाहण्यांची माहिती आमच्याकडे येते. कोणत्या मुलाला जुलाब झाले, कोण मच्छरदाणीत झोपलं, कोणाचं वजन किती भरलं. जगभरचे संशोधक विचारतात, अमुक गोष्ट कुठल्या फायलीत, कुठल्या रकान्यात सापडेल? ते शोधून देणं हे आर्डिसचं काम. तिचं उत्तर साधारण असं असायचं: "पान २१२. वाचता येतं ना?" मिनेसोटात कोणी आपल्या पायावर पाय दिला तरी माफी आपणच मागतो. अशा मुलखात ही बाई कशी निपजली, देव जाणे.

तिचा एक नियम होता. प्रत्येक रकान्याचं पुठ्ठ्याचं एक कार्ड, आणि त्यावर एकच प्रश्न: 'हे कोणाला विचारलं?' उत्तर लिहून आर्डिसची सही झाल्याशिवाय एकही आकडा केंद्राबाहेर जायचा नाही. घराघरांत संगणक आले आणि आम्ही कार्डं खरडत बसलो होतो! माझं पहिलंच कार्ड तिने चार वेळा परत केलं. चौथ्यांदा तर कारणही सांगितलं नाही.

मार्चमध्ये एका मदतसंस्थेचं काम आलं. आफ्रिकेतल्या एका देशातले नऊ जिल्हे. त्यांतल्या ज्या चार जिल्ह्यांत पाच वर्षांखालची मुलं सगळ्यांत जास्त खंगलेली, त्या चारांना पौष्टिक आहार मिळणार होता. कुठले चार, हे आमच्या आकड्यांवर ठरणार होतं. वजनं शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते दीड दिवसात उरकलं. तळ्याकाठचा जिल्हा यादीत शेवटचा, नववा आला. तिथली मुलं सगळ्यांत धडधाकट निघाली. आमचा संचालक टॉड ब्रेके इतका खूश झाला, की बुधवारीच त्याने संस्थेला फोनवरून चार नावं सांगून टाकली.

गुरुवारी मी कार्ड घेऊन आर्डिसकडे गेलो.

"वजन कुठून उचललंस?" तिने विचारलं.

"आयांच्या फायलीतून. जुलाब, लसी, अंगावरचं दूध, सगळं तिथेच आहे. एका जागी मिळतं."

"आणि ती फाईल कोणाला विचारून भरतात?"

"आयांना."

"आई मेली असेल तर?"

मी हातातलं कार्ड उलटंपालटं केलं.

"अरे वेंडल, तुला विचारतेय मी. मेलेल्या बाईने मुलाखत कशी दिली? हात वर करून?"

खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

तिने दुसरी फाईल उघडली, घरांची. आदल्या रात्री त्या घरात जो जो झोपला, त्याची एकेक ओळ. आजी, काका, आलागेला पाहुणासुद्धा. मुलांची वजनं इथेही होती, आणि इथे सगळ्या मुलांची होती. तळ्याकाठच्या जिल्ह्यात दर पाच मुलांमागे एकाच्या ओळीत आईची जागा रिकामी होती. तिकडे एड्सने बायका पटापट गेल्या होत्या आणि मुलं आज्यांच्या पदरात पडली होती. ही मुलं धरून हिशेब केला, तर तो जिल्हा नवव्यावरून दुसरा येत होता. जिथे आया जास्त मेल्या, तिथली हडकुळी मुलंच मी वगळली होती, आणि उरलेल्यांकडे बघून जिल्हा धडधाकट ठरवला होता.

खरं सांगतो, मला त्या मुलांची दया आली नाही. मला आर्डिसचा संताप आला.

ती तडक टॉडच्या खोलीत गेली. मागोमाग मीही.

"तुमचं बरोबरच असेल हो, आर्डिस," टॉड गोड आवाजात म्हणाला. तो कुणालाही दुखवत नाही, फक्त कामावरून काढतो. "खाली एक तळटीप टाकू या."

"तळटीप खाऊन पोर जगतं का, टॉड?"

"चार नावं कळवून झालीत. आता बदलली तर केंद्राची अब्रू जाईल."

"तुझी जाईल. मी सही करणार नाही."

मग टॉडने स्वतःच सही ठोकली आणि शुक्रवारी अहवाल गेला.

सोमवारी आर्डिसने घरांच्या फायलीतले आकडे संस्थेला परस्पर पाठवले. 'आमच्या केंद्राकडून चूक झाली आहे,' एवढंच लिहिलं होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. तो उपकार मला झोंबला. संस्थेने केंद्राला विचारलं, यातलं खरं काय धरायचं?

टॉडने मला बोलावलं. "आकडे तू काढलेस, तेव्हा लेखी तूच दे. आर्डिसची दुरुस्ती बरोबर आहे का? आणि हो, जूनमध्ये तुला कायम करायचंय ना? आठवण आहे मला."

मी खाली जाऊन घरांची फाईल उघडली. पुन्हा वर आलो आणि लिहून दिलं: 'निश्चित सांगता येत नाही.'

तेवढं पुरलं. संस्थेने पहिली चार नावं कायम ठेवली. परवानगीशिवाय माहिती बाहेर पाठवली म्हणून आर्डिसला घरी बसवलं. आमच्याकडे कोणी नोकरी सोडून निघालं, की प्रत्येकजण घरून काहीतरी करून आणतो. बटाट्याचा हॉटडिश, भोपळ्याच्या वड्या, काहीही. त्या दिवशी टेबल रिकामं होतं. मीसुद्धा काही नेलं नव्हतं.

ती आपलं सामान खोक्यात भरत होती. टेबल आता मला मिळणार होतं, म्हणून मला तिथे उभं राहावं लागलं.

"लेखी काय दिलंस?" तिने वर न बघता विचारलं.

"निश्चित सांगता येत नाही, असं."

"घरांची फाईल उघडली होतीस?"

"हो."

"मुलं मोजलीस?"

"दोनदा."

"बिनआईची किती आली, त्या जिल्ह्यात?"

"तीनशे बारा."

तिने खोकं उचललं. "म्हणजे पाठ आहे तुला," ती म्हणाली.

मी पुढे होऊन दार उघडून धरलं. ती वळली आणि मागच्या जिन्याने गेली.