बेडूककाकूंची खापरं

आमच्या नागावात कुणाचा माठ फुटला की घरातली बाई आधी कपाळाला हात लावायची आणि मग म्हणायची, "जाऊ दे, बेडूककाकूंकडे नेऊन दे." फुटकं मडकं घरात ठेवणं अशुभ. काकू मात्र अख्ख्या आळीचं अशुभ हसत हसत गोळा करायच्या. अर्धं मडकं पोफळीच्या मुळाशी पालथं घालायचं, बेडूक शिरेल एवढी फट ठेवायची, वर ओला पाचोळा टाकायचा. झालं घर! कुणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, "फुटकं घरात ठेवू नये, मला ठाऊक आहे. मी घरात कुठे ठेवते? वाडीत ठेवते."

त्यांची आणि आमची वाडी कुंपणाला कुंपण. अलिबागच्या एका कचेरीत त्यांनी नोकरी केली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही साडी इस्त्रीची. तीच साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्या चिखलात उतरायच्या. हे वेड मात्र हौसेचं नव्हतं. एकदा काका वाडीत औषध फवारून आले आणि ओकून ओकून अर्धमेले झाले. काका वाचले, पण त्याच आठवड्यात काकूंनी फवारणीचा पंप भंगारात दिला. "माझ्या अळवावरच्या अळीसाठी माझा नवरा मारायचा? अळी खायला देवाने तोंड दिलंय की दुसऱ्याला!"

हे दुसरं तोंड म्हणजे बेडूक. त्याला ओल हवी, म्हणून काकूंनी पाट सोडला नाही. सगळ्यांनी नळ्या टाकल्या, ठिबक आलं, आमच्याकडेही आलं. काकू मात्र रोज संध्याकाळी विहिरीचं पाणी काठच्या दगडी डोणीत घ्यायच्या, तिथून मातीच्या पाटाने झाडाझाडाच्या आळ्यात सोडायच्या. पाणी पुढे सरकलं की खापराखालून एकेक खरबरीत पाठ बाहेर यायची. "या, पंगत मांडलीय," काकू म्हणायच्या. अळवाची पानं त्यांच्याकडे चाळणीसारखी कधी झाली नाहीत. माडाच्या शेंड्यातल्या भुंग्यापुढे मात्र त्या हात टेकायच्या. "तिथे बेडूक चढत नाही गं. ते माझं मलाच उपसावं लागतं," म्हणत गड्याला भुंगा ओढून काढायची लोखंडी आकडी घेऊन माडावर चढवायच्या.

पलीकडच्या बाजूला भाऊचं होमस्टे. भाऊ आमच्याच आळीतला, लहानपणी काकूंच्या हातची तांदळाची बोरं खाऊन वाढलेला. एका सकाळी तो तणतणत आला. "काकू, तुमच्या बेडकांनी पाहुण्यांची झोप उडवली. पुण्याची माणसं पैसे परत मागतायत."

"तुझा डीजे बंद होतो तेव्हा त्यांचं सुरू होतं," काकू म्हणाल्या. "इतके दिवस ते बिचारे ऐकून घेतायत, आले का कधी तक्रार घेऊन?"

"अहो, बेडूक आले की साप येतात!"

"येऊ देत. त्यालाही पोट आहे."

भाऊ चिडला. "तुम्ही ना, विहिरीतला बेडूकच राहिलात. जग कुठे गेलंय बघा!"

काकू डोणीवरून उठल्या, पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, ज्या विहिरीत बेडूक आहे, तिचं पाणी अजून जितं आहे. तुझ्या विहिरीत एक तरी दाखव." भाऊ काय दाखवणार? त्याचं पाणी खारं होऊन बरेच दिवस झाले होते, पाहुण्यांना टँकर येत होता. तरी त्याने हार मानली नाही. एकदा फवारणीवालाच पाठवला, "कुंपणापासून थोडंसं मारून देतो" म्हणून. काकू पाटात पाय रोवून उभ्या राहिल्या, हातात कोयती. "मार. आधी माझ्या अंगावर मार, मग पुढे जा." तो बिचारा म्हणाला, "न्हाय बाय, मला काय करायचंय," आणि पंप पाठीवर घेऊन चालता झाला. आम्ही कुंपणाआडून टाळ्या पिटल्या!

पण वय कुणाला सोडतं? काका आधीच गेलेले, मूलबाळ नाही, आणि वाडी पुतण्याच्या नावावर. काकू अंथरुणाला खिळल्या आणि पुतण्याने ती भाऊला गाड्या लावायला द्यायचं ठरवलं. काकूंना कळलं तेव्हा मला वाटलं रडतील. छे! मला बोलावून म्हणाल्या, "खापरं उचल आणि तुझ्याकडे ने. आजच. आणि ते ठिबक काढून पाट खण. पाणी आलं की ते येतात, त्यांना आमंत्रण लागत नाही."

मी खणला. बाबा ओरडले, आई म्हणाली पाठ मोडून घेशील. मोडली नाही. आठवडाभरात आमच्या अळवाखाली पहिला बेडूक येऊन बसला, हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "जाडा आहे ना?"

"चांगला जाडजूड आहे."

"मग माझाच तो."

चारच दिवसांनी त्या गेल्या. आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत, मी गेले. भाऊ कुणाला तरी हळूच सांगत होता, "आता पेव्हर ब्लॉक टाकतो, कटकट संपली." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुतण्याने खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या घातल्या आणि ते मागे टाकून फोडलं. मग मागे वळून बघायचं नसतं. सगळे तसेच पुढे गेले. मी वळले. मडक्याचा अर्धा भाग जवळजवळ अख्खा राहिला होता, फटीसकट. मी तो उचलला आणि ओढणीत गुंडाळला.

मागच्या दारी आई आंघोळीचं पाणी काढून उभी होती. ओढणीतलं बघितलं आणि किंचाळलीच, "अगं कार्टे, स्मशानातलं खापर घरात आणलंस?"

"घरात कुठे आणलंय?" मी म्हटलं, आणि तशीच अळवाकडे गेले. "वाडीत आणलंय."