कुलरची बादली

उन्हाळ्यात आमच्या अकोल्याच्या कॉलनीत संध्याकाळ झाली की घरोघरी कुलर भरायला पाइप लागतात. समोरच्या काकू मात्र बादलीनं भरतात. अंगणातल्या टाक्यातून बादली काढायची, पाच पायऱ्या चढायच्या, कुलरमध्ये ओतायची आणि कमरेवर हात ठेवून "हं!" म्हणायचं. प्रत्येक बादलीला एक "हं!" माझा पाइप माझं काम करत असतो, तोवर मी खुर्चीवर बसून ते मोजतो.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हापासूनचं हे. फरशीसुद्धा आता त्या खाली बसून पुसतात. गल्लीतली शिवणवाली हसली, "काकू, असं कुठी वजन कमी होते काय?"

"ब्लाउज ढिले झाले का तुयाच इथं आणीन," काकू म्हणाल्या, आणि पुढची बादली उचलली.

गेल्या रविवारी काकूंच्या मुलानं त्यांच्या नळाला नवा पाइप जोडून दिला. दुसऱ्याच दिवशी त्याचं वेटोळं खांद्यावर घेऊन काकू माझ्या फाटकाशी आल्या.

"घ्या भाऊ, तुमाले."

"काहून काकू? पोरानं मायेनं आणला ना!"

"डॉक्टरनं मले हलाले सांगतलं, पाइपाले नाई. तो त आधीच बारीक हाय."

मग त्यांनी माझ्या पोटाकडे नीट पाहिलं, पाइप माझ्या हातात दिला आणि परत गेल्या.

थोड्या वेळानं समोरून "हं!" ऐकू आलं. खुर्ची मागेच होती, पण बसायची माझी हिंमत होईना.